सातव्या अडथळ्यानंतर

हेडली गारसाइड खुर्चीत बसत नसत. आमच्या संग्रहालयात पहिल्यांदा आले तेव्हा मी खुर्ची पुढे केली. त्यांनी तिच्या पाठीवर टोपी अडकवली आणि स्वतः उभे राहिले. वय एक्याऐंशी.

"बसा ना."

"सवय नाही, पोरी. आमच्या दुकानात खुर्च्या नव्हत्या. कायद्यानंच बंदी होती. माणसं आरामात बसली तर जास्त खेळतील, असं लंडनला कुणाला तरी वाटलं होतं."

"मग कमी खेळायची का?"

"नाही. उभ्यानं खेळायची."

बॅटलीच्या जुन्या वाचनालयात वरच्या मजल्यावर आमचं संग्रहालय आहे. दोन मोठ्या खोल्या आणि एक गळकं छत. लीड्सहून साहित्याची पदवी घेऊन परतले आणि दीड वर्ष घरी बसले. मग तिथे सहा महिन्यांचं काम मिळालं. साठ-सत्तर सालातलं बेटिंगचं दुकान जसंच्या तसं उभं करायचं होतं. लाकूड, रंग, काळ्या केलेल्या खिडक्या हे सगळं सुतार करणार होता. मला आठवणी गोळा करायच्या होत्या.

अकरा म्हातारे आले. अकरा जणांनी एकच गोष्ट सांगितली. दुकानात टीव्ही नव्हता. भिंतीत वर एक लाकडी खोकं होतं, त्यातून टेलिफोनच्या तारेवरून आवाज यायचा. त्याला सगळे ब्लोअर म्हणत. घोड्यांचे भाव त्यातून यायचे, शर्यत सुटल्याचं त्यातून कळायचं आणि शर्यतही त्यातूनच ऐकायची. तो आवाज आता पुन्हा ऐकायला मिळेल का, हे अकराही जणांनी विचारलं. एक जण म्हणाला, "तेव्हा दिसायचं. आता नुसतं बघतो."

हेडली बारावे. ते जुगारी नव्हते. ते फळ्यावर होते.

त्यांचे वडील चिंध्यांच्या गिरणीत. थोरला भाऊ नॉर्मनही तिथेच. बॅटलीत तेव्हा निम्मं गाव जुने कपडे फाडून त्यांची पुन्हा लोकर करत होतं. वडील लवकर गेले. नॉर्मन दहा वर्षांनी मोठा होता, त्याने हेडलीला वाढवलं. पंधराव्या वर्षी हेडली गिरणीत लागले. धुळीने छाती भरायला लागली. पण अक्षर चांगलं होतं. चॅपलच्या दाराबाहेर रविवारची सूचना तेच लिहायचे. बेटिंगचं दुकान चालवणाऱ्या ब्रिअर्ली नावाच्या बुकीने ती पाटी पाहिली आणि विचारलं, "हे कोण लिहितं? त्याला चर्चमध्ये कशाला वाया घालवता?"

१९६२ ते १९८७. पंचवीस वर्षं ते लाकडी फळीवर उभे राहिले. पाठ दुकानाकडे, तोंड फळ्याकडे. उजव्या हातात खडू, डाव्या हातात ओलं फडकं. ब्लोअरमधून भाव आला की जुना पुसायचा आणि नवा लिहायचा. एक हात पुसत असताना दुसरा लिहीत असे. शर्यत सुटली की भाव थांबत. मग त्यांचं एकच काम. घोडा पडला की त्याच्या नावावर रेघ.

"मागे वळून बघायचं नाही," ते म्हणाले. "वळलं की एक शब्द गेला. एक शब्द गेला की चाळीस माणसं ओरडतात."

ते कधीच घोड्यांच्या शर्यतीला गेले नव्हते. वेदर्बी इथून वीस मैल. "जाणार कधी? तिथे शर्यत असेल तेव्हा मी फळ्यावर." पण सगळी मैदानं त्यांना पाठ होती. कॅटरिकची चढण, पाँटिफ्रॅक्टचं वळण. वेदर्बीला शेवटच्या वळणामागे एक तपकिरी कळसाचं चर्च होतं. घोडे त्याच्याजवळ आले की निवेदकाचा आवाज चढायचा.

मग कायदा बदलला. दुकानात खुर्च्या आल्या, कॉफीचं यंत्र आलं आणि उपग्रहावरून चित्रं यायला लागली. पहिल्याच आठवड्यात वेदर्बीची शर्यत दाखवली. हेडलींनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा शर्यत चालू असताना फळ्यावरून मान वळवली.

"चर्च नव्हतं," ते म्हणाले.

"कधीच नव्हतं?"

"कधीच नव्हतं. मीच ठेवलं होतं तिथे."

वर्षभरात फळा काढला. पुढे निवृत्तीपर्यंत ते एका शाळेत रखवालदार होते. त्या वर्षांबद्दल ते काही सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "दारं उघडली, दारं लावली."

दर मंगळवारी ते यायला लागले. आमच्या नकली फळ्यावर मी केलेल्या चुका दुरुस्त करत. काउंटरखालची फळी बघून ते सुताराला म्हणाले, "ही फार चांगली आहे. हिला लाथा मारून घे."

"काय?"

"सगळ्यांनी पैसे लावलेला फेव्हरिट घोडा पडला की कुणीतरी हिला लाथ घालायचंच. दर सोमवारी ब्रिअर्ली नवे खिळे ठोकायचा."

सुतार हसला आणि बुटाने चार लाथा घातल्या. हेडलींनी मान कलती करून आवाज ऐकला. "अजून थोडी सैल हवी."

मला ते आवडायला लागले. त्यांच्या बोलण्यात एक थकवा होता, पण तो ते माझ्यावर टाकत नसत. मी त्यांना चहा द्यायची. ते उभ्यानेच प्यायचे.

ऑक्टोबरात ड्यूजबरीहून एक बाई आल्या. त्यांचे वडील टेलिफोन खात्यात होते, बेटिंगच्या दुकानांच्या तारा दुरुस्त करायचे. तारेत खरखर येते का हे बघायला ते मधूनमधून ब्लोअर टेपवर घेत. गॅरेजात अकरा रिळं निघाली. दहा बुरशीने गेली होती. एक वाजलं.

माझा आनंद मावेना. गावभर लोक ज्या आवाजासाठी हळहळत होते तो माझ्या टेबलावर होता. मी दारं लावून सगळं ऐकलं. एक अख्खी शर्यत होती त्यात. मंगळवारी हेडली जिना चढून आले तशी मी सांगून टाकलं.

ते फळ्यावर काहीतरी लिहीत होते. "कुठली शर्यत?"

"वेदर्बी. नोव्हेंबर एकाहत्तर. तेरा तारीख, शनिवार."

खडू थांबला.

"तीन मैलांची?"

"हो. अडथळ्यांवरच्या उड्यांची. त्यात लँटर्न हिल नावाचा—"

"फेव्हरिट होता," हेडली म्हणाले. त्यांनी खडू खाचेत ठेवला, खुर्चीवरची टोपी घेतली आणि जिना उतरून गेले. चहा तसाच राहिला.

पुढच्या मंगळवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, आजारी असतील. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. दाढी केलेली होती, कोट घातलेला होता. आजारी नव्हते.

स्वयंपाकघरात एकच खुर्ची होती. त्यांनी ती मला दिली आणि स्वतः सिंकला टेकून उभे राहिले.

"नॉर्मन दर शनिवारी यायचा," ते म्हणाले. "गिरणी सुटली की जेवून थेट दुकानात. कोपऱ्यात, स्टोव्हजवळ. त्याची जागा ठरलेली. माझ्याशी बोलायचा नाही. फळ्यावरच्या माणसाशी बोलत नाहीत. नुसता खोकायचा, म्हणजे मला कळायचं तो आला."

"त्या दिवशी आले होते?"

"त्या दिवशी त्याचा लँटर्न हिल होता."

नळ ठिबकत होता, तो त्यांनी घट्ट केला.

"घोडा पडला. निवेदक म्हणाला, लँटर्न हिल गेला. मी रेघ ओढली. रेघ ओढतानाच मागे धप्प झालं. मला वाटलं, कुणीतरी काउंटरखालच्या फळीला लाथ घातली. फेव्हरिट पडल्यावर लाथ येणारच. मी तिची वाटच बघत होतो म्हण ना."

"आणि बाकीचे? दुकान भरलेलं असेल."

"चाळीस माणसं. सगळ्यांची तोंडं ब्लोअरकडे. दोघा-तिघांनी त्याला खाली बघितलं. पण दुकानात खुर्ची नव्हती, पोरी. ज्याचा घोडा पडला तो भिंतीला टेकून खाली बसायचा. डोक्यावर टोपी ओढायचा. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, ती रीत होती. नॉर्मनचा घोडा पडला हे सगळ्यांना ठाऊक. नॉर्मन खाली बसला. झालं. शर्यत संपल्यावर ब्रिअर्ली म्हणाला, ऊठ रे नॉर्मन, पुढच्या शर्यतीत बघू."

हेडलींचा हात स्वतःच्या कोटाच्या खिशाकडे गेला.

"जिभेखाली ठेवायची गोळी होती त्याच्याकडे. हृदयाची. जाकिटाच्या खिशात. कुठल्या खिशात ते मला माहीत होतं. त्या चाळीस जणांत मला एकट्याला माहीत होतं."

मग त्यांनी विचारलं, "तू ऐकलीस ती टेप?"

"हो."

"मी एनिडला सांगितलंय, घोडा शेवटून दुसऱ्या अडथळ्यावर पडला." एनिड म्हणजे नॉर्मनची बायको. "तेव्हाच सांगितलं, दवाखान्यातच. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, एनिड. मी वळेपर्यंत संपलं होतं. ती अजून म्हणते, अर्ध्या मिनिटात कुणी काय करणार. दर रविवारी जातो मी तिच्याकडे. अठ्ठेचाळीस वर्षं. मला स्पष्ट आठवतं, दोनच अडथळे राहिले होते."

"पेपरात आलं असेल ना? निकालात देतात, कोण कुठे पडलं."

"सोमवारचा पेपर मी स्टोव्हमध्ये घातला," हेडली म्हणाले. "न उघडता."

ते माझ्याकडे बघत होते. मला उत्तर माहीत होतं. प्रदर्शनातल्या पाटीसाठी मी ती शर्यत मिनिटामिनिटाने लिहून काढली होती. लँटर्न हिल सातव्या अडथळ्यावर पडला. अडथळे अठरा होते.

"नीट लक्षात नाही," मी म्हणाले.

"नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "सोमवारी तुमचं बंद असतं. सोमवारी येतो."

शनिवार-रविवार मी त्या टेपसमोर बसले. ती आता संगणकात होती. मधला भाग कापणं दोन मिनिटांचं काम. घोडा पडल्याचं वाक्य उचलून शेवटच्या वळणावर नेता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. मी चार वर्षं गोष्टी कशा रचतात हे शिकले होते आणि त्यातलं एवढंच मला जमलं असतं. मी सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे खुणा करून ठेवल्या. मग त्या काढल्या. पंचवीस वर्षं ज्याने या शर्यती कानाने मोजल्या त्याला जोड कळली असती. हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी दुपारी ते आले. कोट काढला, बाह्या वर केल्या. फडकं ओलं करून आणलं. नकली दुकानातल्या फळीवर चढले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांनी घोड्यांची नावं लिहिली. नऊ. एकही नाव विचारलं नाही.

"लाव," म्हणाले.

खोक्यातून खरखर आली. मग तो आवाज. तरुण माणूस, नाकात बोलणारा, मुळीच घाई नसलेला. भाव सांगितले. हेडलींचा हात चालायला लागला. डावा पुसतोय, उजवा लिहितोय. तो हात एक्याऐंशी वर्षांचा नव्हता. निवेदक म्हणाला, सुटले. हेडलींनी खडू खाली घेतला.

पहिला अडथळा. दुसरा. ओल्ड पार्सन पुढे, लँटर्न हिल तिसरा, आरामात. प्रेक्षकांच्या स्टँडसमोरून गेले. चौथा, पाचवा. मला उठून बंद करावंसं वाटत होतं.

"सातव्यावर येतायत... आणि लँटर्न हिल गेला. लँटर्न हिल गेला."

हेडलींनी रेघ ओढली. सरळ, नावाच्या मधून. हात तिथेच राहिला. मागे काही वाजलं नाही.

आणि शर्यत चालू राहिली.

मी याआधी ती तीनदा ऐकली होती. तेव्हा ती लांब वाटली नव्हती. आता आठवा अडथळा आला. नववा. निवेदकाने एका जॉकीच्या टोपीचा रंग सांगितला. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर वारा आहे म्हणाला. दहावा. घोडे सावकाश चाललेत, कुणालाच घाई दिसत नाही, असं म्हणाला. अकरावा. हेडलींचा हात अजून रेघेच्या टोकावर. चौदाव्याला आणखी एक घोडा पडला. त्याच्या नावावर रेघ पडली नाही. सोळावा. मग निवेदकाचा आवाज चढायला लागला. जिथे चर्च होतं तिथे.

ओल्ड पार्सन जिंकला. खरखर झाली. मी बंद केलं.

"किती?" त्यांनी पाठ न वळवता विचारलं.

"चार मिनिटं. दहा सेकंद."

त्यांनी खडू खाचेत ठेवला. हात फडक्याला पुसले. नीट पुसले गेले का ते बघितलं. मग म्हणाले, "तेव्हा एवढा वेळ लागला नव्हता."

खाली उतरताना मी त्यांचा दंड धरला. जिन्यावर ते थांबले.

"आवाज चांगला होता ना त्याचा?"

"हो."

"सगळ्यांत चांगला तो होता. मी रोज आठवतो तो आवाज. टीव्ही आल्यापासून रोज. नॉर्मन रोज आठवत नाही." दोन पायऱ्या उतरून ते म्हणाले, "एनिडकडे सोडशील रविवारी? बसनं जायचं जिवावर येतं हल्ली."

एनिड मॉर्लीला राहतात, तळमजल्यावर. दार उघडल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ही कोण? नर्स आणलीस का?"

"संग्रहालयातली पोर आहे."

"ठेवून घेतायत का तुला तिथं, हेडली? काचेत?"

"खर्च परवडत नाही म्हणाले."

सॅमन माशाचे सँडविच होते, आल्याचा केक होता. इथे मात्र हेडली बसले. त्यांची खुर्ची ठरलेली दिसत होती. एनिडनी चहा ओतला. नॉर्मनचा फोटो खिडकीत होता, गिरणीच्या सहलीतला, जाकीट घातलेला. माझी नजर त्या खिशाकडे गेली आणि मी ती काढून घेतली.

"एनिड," हेडली म्हणाले. "ती शर्यत सापडली. टेपवर. मी ऐकली."

"कुठली?"

"ती."

एनिडनी किटली खाली ठेवली.

"शेवटून दुसऱ्यावर नव्हता पडला. सातव्यावर पडला. अर्धं मिनिट नव्हतं ते. चार मिनिटं होती."

"चार."

"चार आणि दहा सेकंद."

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं.

"आणि तू वळला नाहीस," एनिड म्हणाल्या.

"नाही."

"चार मिनिटांत एकदाही?"

"नाही."

"मग मला अर्धं मिनिट का सांगितलंस?"

"मला तसंच वाटलं. खरंच वाटलं, एनिड. नंतरही वाटत राहिलं."

एनिडनी केकची ताटली उचलली. मला वाटलं, आत नेतायत. त्यांनी एक तुकडा माझ्या ताटलीत ठेवला, एक हेडलींच्या. स्वतःला घेतला नाही. मग दोघांनी हवेबद्दल थोडं बोलून घेतलं. निघताना त्यांनी हेडलींना कोट धरला. बाही सापडेना तेव्हा हात धरून आत घातला.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"बरं."

"त्याच्या पुढच्या ये."

गाडीत मी दोनदा काही बोलायला गेले. दोन्ही वेळा ते पुस्तकातलं वाटलं.

पुढच्या रविवारी प्रदर्शन उघडलं. मी ती टेप लावायची नाही असं ठरवलं होतं. हेडलींनीच लावायला सांगितली. "लोकांनी एवढं मागितलंय," म्हणाले. "आणि दुसरी आहेच कुठे?" पाटीवर मी फक्त मैदान आणि तारीख लिहिली.

अकराही म्हातारे आले. बायका आल्या, त्यांच्या लेकी आल्या. तीस-पस्तीस माणसं त्या काळ्या खिडक्यांच्या खोलीत उभी. मला वाटलं नव्हतं हेडली येतील. पण रविवार होता आणि त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. ते फळीवर चढले. कुणीतरी म्हणालं, "अरे, हेडली! लिही की भाव. हात चालतो का अजून?"

"भाव सगळे लिहून ठेवलेत. तुझा घोडा कुठला ते सांग, म्हणजे रेघ आधीच मारून ठेवतो."

सगळे हसले. मी टेप लावली.

खोली शांत झाली. म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. ज्यांना टोप्या होत्या त्यांनी त्या मागे सारल्या. त्यांचे चेहरे मी कधी तसे बघितले नव्हते. आमच्या गावात चाळीस वर्षांत कुणी एवढं सुखी दिसलं नसेल. हेडली फळ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचं तोंड माणसांकडे होतं.

"लँटर्न हिल गेला," आवाज म्हणाला.

काउंटरजवळच्या म्हाताऱ्याने त्याखालच्या फळीला लाथ घातली. जुनी सवय. सगळे हसले. हेडली हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. मग त्याच्या शेजारच्याकडे. मग स्टोव्हजवळच्या कोपऱ्याकडे, तिथे हिरव्या कोटातली एक बाई डोळे मिटून ऐकत होती. तिच्याकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिले, तिने डोळे उघडेपर्यंत. मग पुढच्या माणसाकडे. असं एकेक करून, न चुकवता, पूर्ण चार मिनिटं. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे खोक्याकडे बघत होते.

ओल्ड पार्सन जिंकला. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, पुन्हा लाव.

हेडली फळीवरून उतरले. मी जवळ गेले. कपाळाला घाम होता. आमच्याकडे पहिल्यांदाच त्यांनी स्वतः खुर्ची ओढली आणि बसले.

"सगळे उभे आहेत," ते म्हणाले.

"हो."

"लाव पुन्हा. मी आहे इथे."